डॉ. राधाकृष्णन यांचा बुद्ध आणि बाबासाहेबांचा बुद्ध

दरवर्षी ५ सप्टेंबर जवळ आला की आपल्या ग्रुपवर तोच मेसेज फिरू लागतो: ‘प्रबंध चोरणाऱ्याच्या नावाने शिक्षक दिन कशाला?’ शिक्षक दिन ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला असावा, ही आमचीही मागणी आहे. पण चोरीच्या गोष्टीबद्दल आधी दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. राधाकृष्णन यांच्या ‘इंडियन फिलॉसॉफी’च्या दुसऱ्या खंडात आपल्या प्रबंधातला मजकूर आहे, असा आरोप जदुनाथ सिन्हा या बंगाली अभ्यासकाने १९२९ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकातून केला. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. राधाकृष्णन यांनीही सिन्हा आणि संपादक रामानंद चटर्जी यांच्यावर उलट दावा ठोकला. १९३३ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. निकाल लागलाच नाही. तेव्हा ‘कोर्टात सिद्ध झाले’ असे जे आपले काही मित्र लिहितात, ते खरे नाही. असा कच्चा मुद्दा समोरचा एका मिनिटात उडवतो आणि मग आपल्या खऱ्या मुद्द्यांकडेही कोणी बघत नाही. शिवाय राधाकृष्णन यांच्याशी आपले भांडण या चोरीहून कितीतरी मोठे आहे.

सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म १८८८ चा, तिरुत्तणीचा. घर तेलुगू ब्राह्मणाचे, बेताच्या परिस्थितीचे. शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात झाले. तिथले मिशनरी प्राध्यापक हिंदू धर्मावर टीका करत. वेदान्तात नीतीला जागा नाही, असा त्यांचा आक्षेप असे. त्या टीकेने आपला हिंदू अभिमान दुखावला, हे राधाकृष्णन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. १९०८ चा त्यांचा एम.ए.चा प्रबंध वेदान्ताच्या नीतिशास्त्रावर होता, म्हणजे त्याच आक्षेपाला उत्तर होता. आमच्या मते त्यांचे सगळे पुढचे आयुष्य हे उत्तर देण्यातच गेले. मद्रास, म्हैसूर, कलकत्ता, मग आंध्र आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९३६ पासून ऑक्सफर्डमध्ये पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राचे अध्यासन, पुढे उपराष्ट्रपती आणि राष्ट्रपती. माणूस विद्वान होता, वक्ता मोठा होता, यात शंका नाही. पण उत्तर कोणाला दिले? मिशनऱ्याला. महाराने, चांभाराने, मांगाने विचारलेला प्रश्न त्यांच्या टेबलावर फारसा आलाच नाही.

त्यांचे सर्वात जास्त वाचले गेलेले पुस्तक ‘द हिंदू व्ह्यू ऑफ लाइफ’. ही १९२६ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दिलेली व्याख्याने. त्यात जातीबद्दल जे म्हटले आहे ते आपल्या पोरांनी मुळातून वाचावे. इतर देशांत बलाढ्य लोकांनी दुर्बळ वंशांचा नायनाट केला किंवा त्यांना गुलाम केले. हिंदूंनी मात्र जातीच्या चौकटीत सर्वांना जागा देऊन सलोखा साधला, असा त्यांचा युक्तिवाद. अस्पृश्यतेचा त्यांनी निषेध केला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण ज्या व्यवस्थेतून अस्पृश्यता निघते, तिला ‘सलोखा’ म्हणायचे आणि वर अस्पृश्यता वाईट म्हणायचे, ही कसरत आम्हाला कधी पटली नाही. ही व्याख्याने झाली त्याच्या पुढच्याच वर्षी महाडला चवदार तळ्यावर आपल्या माणसांची डोकी फुटली. तो सलोखा असा होता.

बाबासाहेबांनी हे पुस्तक नीट वाचले होते. १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात ते राधाकृष्णन यांचे नाव घेऊन उत्तर देतात. हिंदू संस्कृती हजारो वर्षे टिकली, या गौरवावर बाबासाहेबांचा आक्षेप सरळ आहे: टिकली म्हणजे जगायला लायक ठरली, असे होत नाही. कोणी लढून आणि जिंकून जगतो, कोणी माघार घेऊन, शरण जाऊन जगतो. प्रश्न जगण्याच्या पातळीचा आहे. योगायोग असा की राधाकृष्णन यांना ऑक्सफर्डचे अध्यासन मिळाले तेही याच वर्षी, आणि बाबासाहेबांना लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषण नाकारले तेही याच वर्षी.

खरा सामना मात्र वीस वर्षांनी, बुद्धावरून झाला.

राधाकृष्णन बुद्धाची निंदा करत नाहीत, उलट मनापासून स्तुती करतात. त्यांनी धम्मपदाचे भाषांतर केले. पण त्यांच्या मते बुद्धाने नवे काही सांगितले नाही, उपनिषदांचेच सार नव्या भरात मांडले. आत्म्याविषयी बुद्ध गप्प राहिला, तर त्या मौनातही त्यांना परमतत्त्व दिसते. १९५६ मध्ये, बुद्धाच्या २५०० व्या जयंतीनिमित्त केंद्र सरकारने प्रा. पु. वि. बापट यांच्या संपादनाखाली ‘२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम’ हा ग्रंथ काढला. त्याच्या प्रस्तावनेत उपराष्ट्रपती राधाकृष्णन लिहितात की बुद्ध हिंदू म्हणून जन्मला, वाढला आणि हिंदू म्हणूनच गेला. सरकारी पैशाने, सरकारी शिक्क्यासह.

त्याच वर्षी १४ सप्टेंबरला आजारी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ छापून होत आहे, सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात, ग्रंथालयांना आणि जयंतीला येणाऱ्या पाहुण्यांना द्याव्यात, एवढीच विनंती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, इतक्या प्रती घेणे जमेल असे दिसत नाही, पत्र जयंती समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवत आहे. म्हणजे वेद, आत्मा, ब्रह्म या तिन्हींना बुद्धाने नाकारले असे सांगणारा ग्रंथ कोणाच्या टेबलावर गेला, ते बघा. बरोबर एक महिन्याने, १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध विष्णूचा अवतार हा खोटा प्रचार आहे, ही त्यातली पाचवी. तिच्याकडे आपण पुराणिक भटजीला दिलेले उत्तर म्हणून बघतो. आम्हाला वाटते, ती प्राध्यापकालाही लागू होती. अवताराची भाषा सोडून तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलले तरी काम तेच होते. ग्रंथ १९५७ मध्ये सिद्धार्थ कॉलेजने काढला. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

कोणी म्हणेल, हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनीच बौद्धांना हिंदूंसोबत बसवले. तो विवाह आणि वारसा हक्काच्या कायद्याचा प्रश्न. १९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडून पाहा, त्यातही ‘धर्माने बौद्ध’ असा वेगळाच उल्लेख आहे.

हे सगळे जुने झाले असे समजू नका. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याप्रमाणे महाबोधी विहाराच्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य, अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमावा, ही अट २०१३ पर्यंत होती. बुद्ध हिंदूच होता असे एकदा मान्य केले की ही वाटणी कोणाला खुपत नाही. २०२५ मध्ये भिक्खू तिथे उपोषणाला बसले तेव्हा ‘बुद्ध आमचाच, मग वेगळे कशाला मागता?’ हा सूर ऐकू आलाच.

तेव्हा पुढच्या ५ सप्टेंबरला तो चोरीचा मेसेज पुढे ढकलू नका. अभ्यासवर्गात बापटांच्या ग्रंथाची ती प्रस्तावना आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ शेजारी ठेवून वाचा.

जय भीम.