बेरा, बाळ आणि पौडचा रस्ता

बाळाला ऐकू येत नाही, हे मुळशी खोऱ्यातल्या घरांत आजही उशिरा ध्यानात येते. ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ असे आजी म्हणते आणि दोन-तीन वर्षे निघून जातात. कर्णबधिरांसाठीच्या मुंबईतल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेची वाटचाल मुळशीतल्या पौडमधून पाहावीशी वाटते ती यासाठी.

राज्यपालपदावर असताना १९७६ मध्ये निधन पावलेल्या अली यावर जंग यांच्या नावाने ही संस्था ९ ऑगस्ट १९८३ रोजी सुरू झाली. श्रवणतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, कर्णबधिरांचे शिक्षक तिने घडवले. कोलकाता, सिकंदराबाद, दिल्लीकडे केंद्रे निघाली.

या साऱ्या कामाला बळ आले ते मेंदूची नोंद घेण्याच्या तंत्रामुळे. बाळाने आवाजाकडे मान वळवली की नाही, यावर पूर्वी निदान अवलंबून असे. जेवेट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये, आवाजानंतर पहिल्या दहा मिलिसेकंदांत मस्तिष्कस्तंभात उमटणाऱ्या लहरींचे सविस्तर वर्णन केले. त्यावरच आजची ‘बेरा’ तपासणी उभी आहे. बाळाला झोपवायचे, डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात टक्-टक् आवाज सोडायचा. एकेका आवाजाची लहर मायक्रोव्होल्टहूनही बारीक असते, म्हणून हजार-दोन हजार आवाजांची सरासरी काढावी लागते. बाळाने काहीच करायचे नसते.

निदानाची घाई कशाला, याचे उत्तरही अशाच नोंदींनी दिले. अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जन्मतः कर्णबधिर मुलांच्या श्रवणकेंद्रातली ‘पी-१’ लहर मोजली. साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचे श्रवणयंत्र) झालेल्यांत ती वयाला साजेशा वेळी उमटली. सात वर्षांनंतर झालेल्यांत बहुतेकदा उशिरा.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तपासणीची पथके अंगणवाडीपर्यंत येऊ लागली. २०१४ पासून केंद्राची ‘एडिप’ योजना गरीब घरांतल्या लहानग्यांच्या इम्प्लांटसाठी, सुरुवातीला सहा लाखांपर्यंत, खर्च उचलू लागली. तिची मध्यवर्ती जबाबदारी याच संस्थेकडे आली. २०१६ मध्ये संस्थेच्या नावात श्रवणासोबत वाचाही आली, हे योग्यच झाले. नुसते इम्प्लांट बसले म्हणून मूल बोलू लागत नाही. यंत्र पुनःपुन्हा जुळवून घ्यावे लागते, आठवड्याला वाचा-उपचार लागतो, तोही घरच्या मराठीत.

ताम्हिणीकडच्या वाडीतून त्यासाठी पुणे गाठायचे तर आईचा एक दिवसाचा रोज बुडतो. संस्थेने घडवलेल्या तज्ज्ञांपैकी एखादा आठवड्यातून एक दिवस पौडच्या ग्रामीण रुग्णालयात बसला, तर हा दिवस वाचेल.