मानमोडीचं साल आणि दरवर्षीची सुई



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत फ्लूच्या लसीचा विषय निघाला. एक वहिनी पटकन म्हणाल्या, "ताई, देवी एकदाच टोचल्या आणि जन्मभराचं काम झालं. मग ही फ्लूची सुई दरवर्षी कशाला? पैसे काढायचा धंदाच दिसतो हा." सगळ्या हसल्या. मला मात्र त्यांचा प्रश्न अगदी रास्त वाटला. त्याचं उत्तर द्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागेल.

माझ्या आजेसासूबाईंना जन्मतारीख ठाऊक नव्हती. वय विचारलं की त्या म्हणायच्या, "मानमोडीच्या साली मी परकर नेसत होते." मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. अंग मोडून यायचं, मान टाकली जायची, म्हणून हे नाव. त्या सांगायच्या, घरात आठ माणसं अंथरुणाला खिळलेली आणि आई एकटी उभी. ती पाणी आणायची, पेज करायची, घाण काढायची. सगळे उठून बसायला लागले तेव्हा ती आडवी झाली, आणि तिला पेज करून द्यायचं बळ कोणाच्याच अंगात नव्हतं. आजेसासूबाई पुढचं सांगायच्या नाहीत.

त्या वर्षी पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. सैनिक घेऊन येणाऱ्या बोटी मुंबई बंदराला लागत होत्या. जूनच्या दहा तारखेला गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. ही पहिली लाट तशी सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात आली आणि तिने कहर केला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं गेली. तिथून रोग आगगाडीत बसला. मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड करत पुढे देशभर जायची. त्यातच त्या साली पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झालं होतं, पोटं रिकामी होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं दगावली. देशभराचा आकडा सव्वा कोटीच्या पुढे गेला असं अभ्यासक मानतात. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं दशक दुसरं नाही.

आणि एक गोष्ट त्या काळच्या सरकारी अहवालांतही नोंदलेली आहे. या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या, त्याही ऐन विशी-तिशीतल्या. शुश्रूषा त्यांनीच करायची आणि जेवायचं सगळ्यांच्या शेवटी. गरोदर बाईला तर हा ताप फारच वाईट. माझ्या आजेसासूबाईंच्या घरातलं दुःख त्यांच्या एकटीचं नव्हतं.

मग तेव्हा लस नव्हती का? लस टोचणं आपल्या लोकांना नवं नव्हतं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या पोरीला देवीची लस टोचली गेली. ती देशातली पहिली. तिच्या दंडावरच्या फोडातलं पाणी घेऊन पुढच्यांना टोचलं, त्यांच्याकडून आणखी पुढच्यांना. एवढ्याशा लेकीपासून देशभर लस गेली, पण तिचं नाव आपल्या पुस्तकांत कुठे दिसत नाही. पुढे १८९७ मध्ये हाफकिनसाहेबांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःलाच टोचून घेतली. फ्लूच्या बाबतीत मात्र डॉक्टर अंधारात होते. एका जंतूवर त्यांचा संशय होता, त्याच्या लसीही करून पाहिल्या गेल्या, पण मूळ गुन्हेगार वेगळाच होता. तो विषाणू इतका बारीक की तेव्हाच्या दुर्बिणीला दिसतच नव्हता.

१९३३ साली इंग्लंडमध्ये तो सापडला. आपल्या मुंगसासारखा दिसणारा फेरेट नावाचा प्राणी असतो. शास्त्रज्ञांनी आजारी माणसाच्या घशातलं पाणी त्याच्या नाकात सोडलं, त्याला फ्लू झाला. मग त्यातला एक फेरेट एका शास्त्रज्ञाच्या तोंडावर शिंकला आणि त्यालाही फ्लू झाला! पुरावा मिळाला. पुढे अमेरिकेत लस बनली, सैनिकांना दिली, १९४५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली.

आता आपल्या वहिनींचा प्रश्न. १९४७ साली फ्लू आला तेव्हा लस घेतलेली माणसंही पटापट आजारी पडली. लस बिघडली नव्हती, विषाणूने रूप बदललं होतं. आपल्याकडे बहुरूपी येतो ना? एका वर्षी पोलीस, दुसऱ्या वर्षी साधू. माणूस तोच, पण आपण ओळखत नाही. फ्लूचं तसंच आहे. देवीचा रोग रूप बदलत नव्हता, म्हणून तो जगातून घालवता आला. फ्लू दरवर्षी वेश पालटतो, शिवाय लसीचं बळही काही महिन्यांत ओसरतं. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा वर्षभर त्याच्यावर नजर ठेवून असतात. आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यांतलीच एक. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसून पुढच्या लसीत कोणती रूपं घालायची ते ठरवते. तो अंदाज कधी नेमका बसतो, कधी थोडा चुकतो. लस घेऊनही एखादीला फ्लू होऊ शकतो. पण दवाखान्यात भरती होण्याची, जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते.

२००९ तर तुम्हाला आठवतच असेल. स्वाईन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला, एक शाळकरी मुलगी. त्याच महिन्यात आपल्या नाशिकलाही माणसं गेली आणि तोंडाला रुमाल बांधून आपण बाजार केला. वर्षभरात पुण्याच्याच सीरम कंपनीने नाकात घ्यायची लस आणली. २०१५ पासून राज्य सरकारने जोखमीच्या लोकांना सरकारी दवाखान्यांत मोफत लस द्यायला सुरुवात केली. त्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बाया, साखर आणि रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी होते. तरीही २०१८ च्या पावसाळ्याअखेर नाशिकमध्ये पुन्हा जीव गेलेच.

गरोदर बाईला सुई कशी द्यायची, पोटातल्या बाळाला अपाय होईल, असं सासूबाई म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही, पण भीती खरी नाही. या सुईत विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. उलट सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला ही लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईने पोटुशी असताना घेतलेल्या लसीतून. आधी कोणत्या लसीचा जोराचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो. लसीचा गुण यायला दोन आठवडे लागतात. म्हणजे मृगाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये सुई घेतलेली बरी. खासगीत दीड-दोन हजार रुपये लागतात, ते प्रत्येकीला जमणारे नाहीत. म्हणून आधी उपकेंद्रातल्या सिस्टरांना किंवा आशाताईंना विचारा, सरकारी साठा कुठे आहे, कधी मिळेल. एकटीने विचारलं तर "बघू" म्हणतात. गटाने मिळून विचारलं, गरोदर बाया आणि साखरेच्या म्हाताऱ्या यांची नावं लिहून दिली, की उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव.

त्या वहिनींच्या सासूबाईंना साखर आहे. वहिनींनी बैठकीतच त्यांचं नाव यादीत लिहायला सांगितलं. मी विचारलं, "आणि तुमचं?" त्या म्हणाल्या, "माझं काय, मी धडधाकट आहे." घरात आजारी पडलेल्यांचं कोण करतं, एवढंच मी विचारलं. यादीत त्यांचं नाव सातवं आहे.