नांगराचे तास आणि डॉक

पुण्यात खराडीच्या आयटी पार्कात रोज सकाळी हजारो लॅपटॉप डॉकला लागतात. केबल खट्‌कन बसते, मोठा पडदा उजळतो आणि माणूस कामाला लागतो. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, शब्द मात्र अस्सल दर्यावर्दी. त्याचा माग जुन्या कागदांतून लावता येतो.

1513 मध्ये गॅव्हिन डग्लसने व्हर्जिलचे ‘एनीड’ स्कॉट्स भाषेत आणले. दहाव्या सर्गात तार्कोन हा सेनानी खलाशांना जहाजे थेट शत्रूच्या किनाऱ्यावर चढवायला सांगतो. तळाच्या कण्याने जमिनीत स्वतःची जागा कोरून घ्यावी, असा त्याचा हुकूम. लॅटिनमध्ये तिथे ‘सुल्कुस’ आहे, म्हणजे नांगराचे तास. डग्लसने त्या जागी ‘डॉक’ लिहिले. माझ्या मते मूळ अर्थाचा याहून बोलका पुरावा नाही. ओहोटीला जहाज चिखलात टेकले की तळाखाली जो खळगा उमटतो, तो डॉक. तो कुणी बांधलेला नसतो. जहाजाच्या भारानेच पडतो.

इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने 1495 मध्ये पोर्टस्मथला कोरडी गोदी बांधली, तिचे हिशेब उरले आहेत आणि त्यांतही शब्द ‘डॉक’च आहे. गोदीच्या तोंडाशी चिकणमाती आणि दगडगोटे ठासून पाणी अडवत. जहाज बाहेर काढायचे की ती सगळी भर उपसायची. म्हणजे खळगा आता माणसाने खणलेला. हे कागद डग्लसच्या आधीचे, अर्थ मात्र नंतरचा. जुना अर्थ कवितेत टिकला, नवा हिशेबवहीत शिरला. शब्दांचा इतिहास लिहिताना कागदाचे वय आणि अर्थाचे वय यांची गल्लत फार होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आपल्याकडे विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते: सुमारे 109 मीटर लांब, 70 मीटर रुंद, बरीचशी खडकात कोरलेली. इथे चिखलातला ठसा पाषाणात उतरला आहे.

व्हर्जिलची ती प्रतिमा मराठीत आणायला शब्द शोधावा लागत नाही. आपण शेत नांगरतो आणि जहाजही नांगरतो. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गला’तून आला, जहाजाचा फारसी ‘लंगर’मधून. मुळे दोन, रूप एक. खराडीतही या इमारतींच्या जागी काही दशकांपूर्वी, मुळा-मुठेच्या काठाने, तासेच पडत होती.