चुन्याचा हात

मराठींत ‘चुना लावणें’ या शब्दप्रयोगाला फारसा चांगला अर्थ उरलेला नाहीं. ज्याला चुना लागला तो फसला, असें लोक समजतात. परंतु भाषेनें चुन्यावर केलेला हा उघड अन्याय आहे. पश्चिम किनाऱ्यावर शेंकडों वर्षें चुन्यानें कोणाला फसविलें नाहीं. उलट स्वतः झिजून व काळा पडून प्रत्येक पावसाळ्याचा मार त्यानें आपल्या अंगावर घेतला आणि आंतील दगड राखला. हा उपकार केवढा मोठा होता, हें जेथें तो खरवडून काढण्यांत आला तेथेंच नीट समजून येतें.

गोवा आणि दक्षिण कोंकण यांतील जुनीं घरें, देवळें, किल्ले व ख्रिस्ती मंदिरें बहुतांशीं जांभ्या दगडाचीं आहेत. हा दगड खाणींतून निघतो तेव्हां इतका मऊ असतो कीं, साध्या पोलादी हत्यारानें त्याचे चिरे पाडतां येतात. पुढें वारा लागला म्हणजे तो कठीण होतो. स्कॉटलंडचा वैद्य फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०० सालीं म्हैसूर व मलबार या प्रांतांचा प्रवास आरंभिला. मलबारांतील लोक हा दगड विटांप्रमाणें कापून वापरतात हें पाहून त्यानें वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ असें नांव दिलें. १८०७ सालीं त्याचा प्रवासवृत्तांत छापला गेला आणि तें नांव शास्त्रांत रूढ झालें.

नांव मिळालें तरी दगडाचा दोष गेला नाहीं. जांभ्याच्या अंगांत असंख्य भोंकें असतात व त्यांत मऊ माती असते. वाऱ्यानें कठीण होणारा हा दगड पाण्यापुढें मात्र हळूहळू हार खातो. पाणी भोंकांत शिरतें, मऊ भाग धुऊन नेतें, भोंकें मोठीं होतात आणि अधिक पाणी आंत येतें. गोव्यांत वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा प्रदेशांत जांभ्याची भिंत उघडी ठेवणें म्हणजे छत्री घरीं ठेवून वळवाच्या पावसांत निघणें होय.

म्हणून जुन्या गवंड्यांनीं भिंतीला चुन्याचा अंगरखा घातला. चुनखडी किंवा समुद्रकांठच्या शिंपल्या भट्टींत भाजून कळीचा चुना करीत, तो पाण्यांत विरवून मुरूं देत आणि वाळूशीं घोटून त्याचा गिलावा करीत. भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून घेतो व पुनः चुनखडीच बनतो. अशा रीतीनें भट्टींत गेलेला दगड भिंतीवर दगड होऊन परत येतो. या गिलाव्याचा मोठा गुण असा कीं, तो पावसाचा मार झेलतो, परंतु भिंतीचा श्वास कोंडीत नाहीं. आंत मुरलेली ओल त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडून जाते.

अर्थात् अंगरखा मळतोच. चार महिन्यांच्या पावसानंतर पांढरी भिंत हिरवी व काळी दिसूं लागते. तिच्या साफसफाईची जुनी रीति ठरलेली होती. पाऊस सरून भिंती वाळल्या म्हणजे, दिवाळी किंवा नाताळ यांच्या आधीं, कामाला आरंभ होई. गवंडी प्रथम भिंतीवर टिचक्या मारून पाही; जेथें पोकळ आवाज येई तेथें गिलावा सुटला असें समजावयाचें. सुटला असेल तेवढाच काढून त्या जागीं पुनः चुन्याचाच गिलावा करीत. फटींत रुजलेलीं पिंपळाचीं रोपें मुळासकट उपटीत. शेवाळ काथ्याच्या कुंच्यानें वरून खालीं घासून काढीत. जेथें लोणा फुटला असेल तेथें मात्र पाणी वापरावयाचें नाहीं, कोरड्या कुंच्यानेंच झाडावयाचें. कारण लोणा म्हणजे क्षार, आणि पाण्यानें तो विरघळून पुनः भिंतींत शिरतो. शेवटीं भिंत ओली करून, गाळून दुधासारख्या पातळ केलेल्या चुन्याचे दोन-तीन हात एकावर एक देत.

भिंतीचा काळेपणा म्हणजे निव्वळ मळ नव्हे, हें पुढें सूक्ष्मदर्शकानें दाखविलें. त्यांत शेवाळाचे व दुसरे अनेक सूक्ष्म जीव असतात. ताजा चुना अत्यंत तीव्र असल्यामुळें हे जीव त्यांत तग धरीत नाहींत. म्हणजे वार्षिक चुन्याचा हात हें एकाच वेळीं स्नान, औषध व नवें वस्त्र होतें. गवंड्याला सूक्ष्म जीवांचें नांव ठाऊक नव्हतें. त्यांचा बंदोबस्त मात्र ठाऊक होता.

या रीतींतहि दोष नव्हता असें नाहीं. हातांवर हात चढून पुटें जाड होत व त्यांखालीं कोरीव काम बुडून जाई. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत जीर्णोद्धाराची हौस वाढली, तेव्हां हाच दोष पुढें करून पुष्कळ जुन्या मंदिरांचा गिलावा खरवडण्यांत आला. उघडा दगड म्हणजे खरा व प्राचीन आणि गिलावा म्हणजे मागाहून आलेलें सोंग, अशी समजूत बळावली. तिच्याविरुद्ध विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं इंग्लंडांत प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापिली; तिला लोक विनोदानें ‘खरवड-विरोधी मंडळी’ म्हणत. हिंदुस्थानांत सर जॉन मार्शल यांनीं १९२३ सालच्या आपल्या संरक्षण-पुस्तिकेंत, नवें करण्यापेक्षां आहे तें राखावें, हेंच तत्त्व मांडलें.

ही समजूत गोव्यांत पोंचली ती उशिरां, आणि तिचा आघात जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस या मंदिरावर झाला. या मंदिराचा पाया १५९४ सालीं घातला गेला व १६०५ सालीं तें उपासनेसाठीं खुलें झालें. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष येथें असल्यामुळें तें जगप्रसिद्ध आहे. साडेतीनशें वर्षें त्याच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचें आवरण होतें. १९५० नंतरच्या दशकांत बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज जीर्णोद्धारकाच्या योजनेनुसार, मंदिर अधिक प्राचीन दिसावें म्हणून, तें आवरण उतरविण्यांत आलें. तांबूस भिंती उघड्या पडल्या आणि पाहणारांच्या डोळ्यांना त्या भरल्याहि.

परंतु पावसाला सौंदर्यदृष्टि नसते. उघड्या चिऱ्यांचीं भोंकें वाढलीं, पृष्ठभाग झिजूं लागला. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला. १९८६ सालीं जुन्या गोव्यांतील मंदिरें जागतिक वारशाच्या यादींत आलीं. तरी भिंती उघड्याच राहिल्या. २०२० सालीं मंदिराच्या मुख्य धर्मगुरूंनीं पुनः चुन्याचा गिलावा करावा अशी जाहीर मागणी केली. मात्र दोन-तीन पिढ्यांनीं हें मंदिर तांबडेंच पाहिलेलें आहे. त्यांच्या मनांतील ओळख जपावी कीं दगड जपावा, असा हा पेंच आहे. ओळख चित्रांत व छायाचित्रांत राहूं शकते. दगड एकदां वाहून गेला म्हणजे परत येत नाहीं. रस्त्यापलीकडचें से कॅथेड्रल जांभ्याचेंच असून आजहि शुभ्र वस्त्रांत उभें आहे, हें या वादांत विसरून चालणार नाहीं.

आतां साफसफाईचीं नवीं साधनें घरोघर आलीं आहेत. आम्लानें भिंत क्षणांत पांढरी होते, कारण मळाबरोबर तो चुनाच विरघळवितो. पाण्याचा जोरदार फवारा शेवाळ उडवितो व ओल भिंतीच्या पोटांत दडपतो. तारेच्या कुंच्यानें पृष्ठभागच निघून जातो. सिमेंटचा गिलावा कठीण खरा, पण मऊ जांभ्यावर तो आंतली ओल कोंडून धरतो व शेवटीं चिऱ्याचा थर घेऊनच सुटतो.

जुना गवंडी भिंत नवी करीत नसे. तिला आणखी एक वर्ष देत असे. दरसाल एक वर्ष, याप्रमाणें त्यानें कित्येक वास्तूंना शतकें मिळवून दिलीं. राखण्याच्या कामांत कीर्ति नाहीं, त्याचा शिलालेख कोणी कोरीत नाहीं. परंतु ज्यांवर शिलालेख कोरलेले आहेत त्या भिंती त्याच कामामुळें उभ्या आहेत.