नागपुरातील सूचना, कोलकात्यातील सूत्र आणि सर्व्हरवरील हल्ला

१९२० साली नागपुरात भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील भौतिकशास्त्राचे तरुण अध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना एक काम सुचविले. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मापे घेतलेली होती. त्यांचे विश्लेषण करावयाचे होते. त्यावरील पहिला निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच दिशेने विचार पुढे नेत त्यांनी १९३६ मध्ये जे सूत्र मांडले, ते आज ‘महालनोबिस अंतर’ म्हणून ओळखले जाते.

या सूत्राचे मर्म साधे आहे. मापे एकमेकांशी निगडित असतात. उंच माणसाचे हात लांब असणे स्वाभाविक. उंच माणसाचे हात आखूड असणे मात्र लक्षणीय. म्हणून प्रत्येक माप सुटे न पाहता मापांमधील सहसंबंध जमेस धरून अंतर काढावे लागते.

सर्व्हरवरील हल्ल्याच्या निदानात हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. २००३ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी एक धक्कादायक प्रयोग मांडला. नोंदी अनेक कप्प्यांत विखरून ठेवणाऱ्या ‘हॅश टेबल’ या रचनेत मुद्दाम निवडलेल्या नोंदी एकाच कप्प्यात कोंबल्या, की प्रत्येक नव्या नोंदीसाठी तो सारा कप्पा धुंडाळावा लागतो. डायल-अप मोडेमपेक्षाही कमी बँडविड्थ वापरून त्यांनी सहा मिनिटांत ‘ब्रो’ या घुसखोरी-शोधक प्रणालीचा प्रोसेसर पूर्ण व्यापला. ती ७१ टक्क्यांपर्यंत वाहतूक गाळू लागली.

म्हणजे प्रोसेसरचा वापर १०० टक्के, हा एकटा आकडा निदानास पुरेसा नाही. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही तो तेथवर जातो. पण तेव्हा येणाऱ्या मागण्या आणि बाहेर जाणारी माहितीही त्याबरोबर वाढते. वाहतूक तुरळक आणि प्रोसेसर मात्र शिगेला, ही विसंगती हल्ल्याची शंका उपस्थित करते. हा भेद चुकला, तर हल्लेखोराऐवजी विद्यार्थ्यांनाच दार बंद होते.

२००४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील के वांग आणि साल्वातोरे स्टोल्फो यांनी संशयास्पद नेटवर्क वाहतूक ओळखण्यासाठी महालनोबिस अंतराचेच एक सुलभ रूप वापरले. अर्थात हे अंतर विसंगती दाखविते, कारण सांगत नाही. ते प्रोग्रॅम तपासूनच शोधावे लागते. शिवाय अंतर मोजण्यास आधारबिंदू हवा. त्यासाठी शांत आणि गर्दीच्या, अशा दोन्ही दिवसांच्या नोंदी संकटापूर्वीच जमविलेल्या असाव्या लागतात.