एक चेतापेशी कुठे संपते? मेंदूच्या मोजमापाचा इतिहास

१/ १९०६. वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक इटलीचे कॅमिलो गॉल्जी आणि स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांना विभागून मिळाले. दोघांनी एकाच पद्धतीने रंगवलेल्या चेतापेशी अभ्यासल्या होत्या. नोबेल व्याख्यानांत मांडलेले निष्कर्ष मात्र परस्परविरोधी होते.

२/ ती पद्धत १८७३ साली गॉल्जींनीच शोधली होती. ठरावीक रसायनांत मुरवलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला की मोजक्याच पेशी काळ्या होतात. घनदाट अरण्यातले एकच झाड फांद्यांसकट उठून दिसावे, तसे. गॉल्जींना त्यात अखंड जाळे दिसले. काहालांना सुट्या, स्वतंत्र पेशी.

३/ काहालांची रेखाटने आजही अभ्यासली जातात. परंतु सपाट कागदावर त्रिमित पेशीची लांबी चुकते: डोळ्याच्या दिशेने येणारी फांदी आखूड दिसते. शिवाय दोन पेशींत फरक किती, हे चित्र आकड्यात सांगत नाही.

४/ १९५३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डी. ए. शोल यांनी मांजराच्या मेंदूतील पेशींसाठी साधी युक्ती मांडली. पेशीकाया केंद्र मानून समान अंतरांवर वर्तुळे काढायची आणि प्रत्येक वर्तुळाला किती फांद्या छेदतात ते मोजायचे. ‘शोल विश्लेषण’ आजही प्रचलित आहे.

५/ आकार मोजायचा कशासाठी? १९५९ पासून विल्फ्रिड रॉल यांनी गणिताने दाखवले, की फांदीतून पेशीकायेकडे येणारा विद्युतसंकेत किती क्षीण होईल, हे फांदीच्या लांबी-जाडीवर अवलंबून असते. आकार बदलला की पेशीचे कामही बदलते.

६/ १९६५ मध्ये एडमंड ग्लेझर आणि हेंड्रिक व्हान डर लूस यांनी सूक्ष्मदर्शकाला संगणक जोडला. माणसाने फांदीचा माग काढायचा, यंत्राने प्रत्येक बिंदूचे त्रिमित स्थान टिपायचे. यंत्र ‘अर्धस्वयंचलित’ होते, डोळा माणसाचाच.

७/ पुढे पेशीचा आकार आकड्यांच्या तक्त्यात मावू लागला. एसडब्ल्यूसी या प्रचलित स्वरूपात प्रत्येक बिंदूची एक ओळ असते: क्रमांक, प्रकार, तीन सहनिर्देशक, त्रिज्या आणि आधीच्या बिंदूचा क्रमांक. अशा पुनर्रचना सर्वांना खुल्या करणारे ‘न्यूरोमॉर्फो’ हे संकेतस्थळ २००६ मध्ये सुरू झाले.

८/ गॉल्जी-काहाल वादाचे काय झाले? १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली सूक्ष्म फट दाखवली. काहालांचे म्हणणे ग्राह्य ठरले.

९/ तरीही तो प्रश्न नव्या रूपात परतला. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १,३९,००० चेतापेशींचा नकाशा प्रसिद्ध झाला. पेशींच्या सीमा आधी संगणकाने आखल्या. पण कुठे एक पेशी तुटली, तर कुठे दोन पेशी चुकून जोडल्या गेल्या. त्या चुका शास्त्रज्ञांनी आणि हौशी स्वयंसेवकांनी एकेक करून दुरुस्त केल्या.

१०/ प्रत्येक चुकीची जोडणी म्हणजे गॉल्जींच्या जाळ्याचा एक छोटा तुकडा. आकडे यंत्र देते. एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, याचा अखेरचा निवाडा मात्र काहालांच्या काळाप्रमाणे आजही माणसाच्या नजरेकडेच येतो.