पुनर्विकासात वटवाघळांसाठी पर्यायी निवारा

कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांतील जुने बंगले व तीन-चार मजली सोसायट्या पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. पुनर्विकासाच्या करारात सभासदांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची तरतूद असते. त्याच वास्तूच्या फटींत राहणाऱ्या वटवाघळांचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक थोडे आधी नियोजन केल्यास त्यांनाही पर्यायी जागा देता येते.

कोण कोठे राहते?

शहरातील सर्वच वटवाघळे इमारतींवर अवलंबून नसतात. मोठी फळभक्षी वटवाघळे उंच झाडांवर उघडी लटकतात, तर आखूड नाकाची लहान फळभक्षी वटवाघळे ताडामाडाच्या झावळ्यांखाली राहतात. त्यांच्यासाठी झाडे राखणे हाच उपाय होय. इमारतींचा आश्रय प्रामुख्याने कीटकभक्षी जाती घेतात. त्यांपैकी पिपिस्ट्रेल नावाची इवलीशी वटवाघळे कौलांखाली, भिंतींच्या भेगांत आणि खिडक्यांवरील छज्जांच्या सांध्यांत अंग चोरून बसतात. भारतातील सर्वांत लहान पिपिस्ट्रेलचे वजन जेमतेम तीन-चार ग्रॅम भरते. काही अन्य जातींना मात्र तळघर किंवा बंद माळ्यासारखी मोकळी, अंधारी जागा लागते. त्या फटींत शिरत नाहीत, छताला लटकतात.

पिपिस्ट्रेल रात्री डास, चिलटे, लहान पतंग असे कीटक खातात. डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो. त्यामुळे वटवाघळे ठेवली की डेंग्यू टळेल, असे मानणे योग्य नाही. तरीही रात्रीच्या कीटकांवरचा हा नैसर्गिक अंकुश गमावणे शहराला परवडणारे नाही.

पाडकामापूर्वी काय करावे?

सर्वप्रथम पाहणी करावी. सूर्यास्ताच्या सुमारास इमारतीच्या चारही बाजूंना उभे राहून वटवाघळे कोणत्या फटीतून बाहेर पडतात, हे काही संध्याकाळी नोंदवावे. भिंतीवरील काळसर डाग व उंदराच्या लेंड्यांसारखी कोरडी, सहज चुरडणारी विष्ठा ही वस्तीची खूण असते.

पिपिस्ट्रेलसाठी खरखरीत, रंग वा कीटकनाशक न लावलेल्या लाकडाची पेटी चालते. आतील फट दीड ते दोन सेंटिमीटर रुंद आणि प्रवेश खालून असावा. पेटी जमिनीपासून किमान बारा-पंधरा फूट उंचीवर, दिव्यांच्या उजेडापासून दूर बसवावी. पुण्यातील एप्रिल-मेचे ऊन लक्षात घेता पश्चिमेची भिंत टाळावी. शक्यतो दोन-तीन दिशांना पेट्या लावाव्यात, म्हणजे वटवाघळांना तापमानानुसार जागा बदलता येते. नव्या इमारतीच्या बाह्य भिंतीतच अशी पोकळी ठेवणे अधिक टिकाऊ ठरते. लटकणाऱ्या जातींना पेटीचा उपयोग नाही. त्यांना अंधारा, निवांत माळाच हवा.

वटवाघळे पकडून हलवू नयेत. फटीवर वरून व बाजूंनी चिकटवलेली, खालून मोकळी जाळी लावल्यास ती बाहेर पडतात, पण परत शिरू शकत नाहीत. आत उडता न येणारी पिल्ले असतील, तर मात्र थांबलेच पाहिजे. पिपिस्ट्रेलना वर्षातून एकाहून अधिक वेळा पिल्ले होतात. म्हणून ठरावीक महिने टाळणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष पाहणीच करावी लागते.

घाई का नको?

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाची एक इमारत १९८७ मध्ये जळाली. तेथील वटवाघळे क्रीडांगणाच्या प्रेक्षागृहात शिरली. विद्यापीठाने १९९१ मध्ये उंच खांबांवर लाकडी घर बांधून वटवाघळांना तेथे हलवले. पण ती टिकली नाहीत. पुढे १९९५ मध्ये ती आपणहून त्या घरात राहू लागली. तात्पर्य, नवा निवारा जुना पाडण्याच्या कितीतरी आधी, शक्यतो त्याच आवारात किंवा शेजारी उभा राहिला पाहिजे. पाडकामानंतर ठोकलेली पेटी बहुधा रिकामीच राहते.

कायदा आणि आरोग्य

ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यापासून वटवाघळांच्या वसतिस्थानालाही संरक्षण आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळभक्षी वटवाघळे दीर्घकाळ 'उपद्रवी' प्राण्यांत गणली जात. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच वगळले. शहरात झाड तोडण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते. फटींतील वस्तीसाठी मात्र सोसायटी, वास्तुविशारद व विकसक यांनाच पुढाकार घ्यावा लागेल.

भीती पूर्णतः निराधार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूचा पुरावा आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. ते चावल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे. वाळलेली विष्ठा झाडण्यापूर्वी ओली करावी व तोंडाला मास्क बांधावा. अंतर राखून केलेला शेजार दोघांनाही सुरक्षित असतो, आणि त्याची तरतूद पुनर्विकासाच्या आराखड्यातच झाली पाहिजे.